फ्लोरिडाची लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही: एका आईचा अनुभव

मायामीत भाड्याचं घर बघताना मी भाडं विचारायच्या आधी राज्याच्या या साइटवर पत्ता टाकला. लेक ७ वर्षांची आहे. सेवा मोफत. फोटो, पत्ता, गुन्हा सगळं दिसतं. आपला पत्ता नोंदवून ठेवला की जवळपास असं कुणी राहायला आल्यावर ईमेल येतो. एवढ्यासाठी पाचपैकी पाच तारे.

कायद्याबद्दल मात्र मन खात राहतं. १६ वर्षांखालच्या मुलांवर अत्याचार केलेल्यांना शाळा, पाळणाघर, बाग, खेळाचं मैदान यांच्या १००० फुटांच्या आत राहता येत नाही. मायामी-डेड काउंटीने २००५ मध्ये शाळांपासूनचं अंतर २५०० फूट केलं. मग राहायला जागाच उरेना. ज्युलिया टटल कॉजवेच्या पुलाखाली माणसं तंबू ठोकून राहिली, २०१० पर्यंत! मला या माणसांची भीती वाटते, खरंच वाटते. पण ज्याचा पत्ताच पूल, त्याच्यावर नजर कोण आणि कशी ठेवणार?

शिवाय अत्याचार करणारा बहुतेकदा ओळखीतलाच असतो, तो या यादीत सापडेलच असं नाही. त्या रात्री लेकीला जवळ घेऊन सांगितलं, "काका असो की मामा, स्पर्श नकोसा वाटला की लगेच आईला सांगायचं."