दोन टीबीची म्हणून घेतलेली डिस्क

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझा लॅपटॉप दिवसातून दोन-तीनदा निळा पडदा दाखवून बंद पडू लागला. २५६ जीबीच्या, म्हणजे विंडोजच्या हिशेबाने २३८ जीबीच्या, ड्राइव्हवर जेमतेम दीड जीबी जागा उरली होती. पेज फाइलला, म्हणजे मेमरी कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरते त्या फाइलला, वाढायला वाव नव्हता आणि अपडेट दर वेळी अर्ध्यावरून मागे फिरत होता. जागा रिकामी करायला हवी हे माझे निदान बरोबर होते.

ऑनलाइन बाजारात दोन टीबीची बाहेरून जोडायची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, १,४९९ रुपयांना मिळाली. इतक्या क्षमतेची खरी डिस्क या किमतीत मिळूच शकत नाही, एवढी एकच गोष्ट मी तेव्हा लक्षात घेतली असती तर पुढचे सारे टळले असते. धातूचे कवच, हाताला लागणारे भरीव वजन आणि प्रॉपर्टीजमध्ये दिसणारे १.८१ टीबी पाहून मी निर्धास्त झालो आणि बारा वर्षांचे घरचे फोटो व व्हिडिओ, सुमारे १५० जीबी, कॉपी न करता थेट कट-पेस्ट केले. पहिल्या दोन फोल्डरमधले फोटो उघडून पाहिले, ते उघडले. लॅपटॉपही सुरळीत चालू लागला.

तीन आठवड्यांनी बाबांच्या पंचाहत्तरीचे फोटो काढायला गेलो, तर फायलींची नावे, तारखा, आकार सारे जागच्या जागी होते, पण एकही फोटो उघडेना. भाच्याने कवच उघडले. आत नखाएवढे मेमरी कार्ड, ते वाचणारी छोटी पट्टी आणि वजन यावे म्हणून गोंदाने चिकटवलेला लोखंडाचा तुकडा होता. 'एफ-थ्री' या मोफत प्रोग्रॅमने तपासल्यावर खरी क्षमता ६४ जीबीच्या आसपास निघाली.

संगणकाला दिसणारी क्षमता ही डिस्कमधल्या कंट्रोलरने, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या चिपने, सांगितलेली असते आणि हा कंट्रोलर खोटे सांगण्यासाठीच तयार केलेला होता. जागा संपल्यावरही तो डेटा स्वीकारत राहिला, 'लिहिले' असे कळवत राहिला आणि आलेले टाकून देत राहिला. फायलींची यादी डिस्कच्या सुरुवातीच्या भागात असल्यामुळे नावे शाबूत राहिली. मी उघडून पाहिलेले फोल्डरही त्याच खऱ्या भागातले होते. लॅपटॉपवरून पुसलेले परत मिळवण्याचा प्रयत्नही फसला, कारण लॅपटॉपमधल्यासारख्या एसएसडीवर ट्रिम ही सोय चालू असली की पुसलेल्या फायलींची जागा आतून कायमची मोकळी केली जाते.

म्हणून कळकळीने सांगतो, नवी डिस्क आणली की आधी ती 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' किंवा 'एफ-थ्री'ने पूर्ण भरून परत वाचून तपासा, त्यात अख्खा दिवस गेला तरी चालेल. फायली कॉपीच करा, डिस्क काढून पुन्हा जोडा, शेवटी गेलेल्या फायली उघडून पाहा आणि मगच मूळ प्रत पुसा. मला तर नव्या डिस्कची घाईही नव्हती: डिस्क क्लीनअपमधल्या 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स'ने जुन्या विंडोजचा फोल्डर काढला असता आणि हायबरनेशन (लॅपटॉप बंद होताना चालू काम डिस्कवर साठवण्याची सोय) बंद केले असते, तरी तेवढ्यापुरती बरीच जागा सुटली असती.

परतीची मुदत उलटली होती आणि विक्रेत्याचे पान नाहीसे झाले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, मी तक्रार नोंदवली आहे. पंचाहत्तरीचे एकोणीस फोटो आत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सापडले, आकाराने लहान झालेले. ते आता दोन ठिकाणी ठेवले आहेत.