एआरसाठी कॅमेरा कॅलिब्रेट करायचाय: चेसबोर्ड, चारुको की फोनमधलेच आकडे?

समजा लालबागच्या एखाद्या मंडळाने एआरचं, म्हणजे खऱ्या दृश्यावर कॉम्प्युटरचं चित्र बसवायचं, काम दिलंय. 18 फुटी मूर्तीसमोर कॅमेरा, बाजूला एलईडी स्क्रीन, आणि स्क्रीनवर प्रभावळीमागे चक्र फिरताना दिसलं पाहिजे. मार्कर (कॅमेऱ्याला ओळखू येणारी छापील नक्षी) चौथऱ्याला चिकटवलेला, चक्र मात्र पार वर. कॅलिब्रेशन म्हणजे कॅमेऱ्याचे आणि लेन्सचे आकडे काढणं, आणि त्याची लबाडी इथेच उघडी पडते. कॅमेऱ्याचे आकडे चुकले तरी मार्करवर ठेवलेली वस्तू चपखल बसते, कारण मार्करची जागा त्याच चुकीच्या आकड्यांनी काढलेली असते. मार्करपासून लांब गेलं की चित्र घसरू लागतं. टेबलावरच्या डेमोत म्हणूनच काही कळत नाही.

आधी हे काम करायची गरज आहे का ते बघा. एआरकिट (ॲपलचं) किंवा एआरकोअर (गूगलचं) ही फोनवरची एआरची तयार साधनं वापरणार असाल तर नाही. दोन्ही साधनं फोकल लेंथ (लेन्स दृश्य किती मोठं दाखवते तो आकडा) आणि प्रिन्सिपल पॉइंट (लेन्सचा मध्य चित्रात जिथे पडतो तो बिंदू) स्वतःच देतात, आणि ट्रॅकिंग त्यांच्याच आकड्यांवर चालतं. एआरकोअर फक्त गूगलने तपासून मान्य केलेल्या फोनवरच चालतं, एवढं क्लायंटला आधी सांगून ठेवा. रांगेतल्या भाविकांनी आपापल्या फोनच्या ब्राउझरमध्ये बघायचं असेल, तर कॅलिब्रेशनचा नादच सोडा. ब्राउझर सहसा हे आकडे देत नाही, आणि प्रत्येकाचा फोन तुम्ही बोर्डासमोर धरणार नाही. तिथे मार्करच वस्तूजवळ न्यायचा.

स्वतःचा वेबकॅम किंवा इंडस्ट्रियल कॅमेरा आणि ओपनसीव्ही (कॅमेऱ्याच्या चित्रांवर काम करणारी मोफत कोड लायब्ररी) असेल, तरच पुढचं वाचा.

चेसबोर्डची पद्धत झेंगयू झांग यांच्या 2000 सालच्या पेपरवर उभी आहे. सपाट नक्षी वेगवेगळ्या कोनांतून दाखवायची, बाकी गणित. सोपी आहे, ट्यूटोरियल ढीगभर आहेत. पण ओपनसीव्हीच्या नेहमीच्या फंक्शनला सगळा बोर्ड फ्रेममध्ये लागतो. त्यामुळे बोर्ड मधेमधेच राहतो आणि फ्रेमचे कोपरे रिकामे जातात. लेन्सचं डिस्टॉर्शन (सरळ रेषा वाकड्या दिसणं) तर कोपऱ्यांतच जास्त असतं.

चारुको म्हणजे चेसबोर्डच, पण त्याच्या पांढऱ्या घरांमध्ये आरुको मार्कर (प्रत्येकी वेगळा नंबर असलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी खुणा) असतात, म्हणून प्रत्येक कोपऱ्याला ओळख मिळते. अर्धा बोर्ड फ्रेमबाहेर गेला किंवा बोट आड आलं तरी उरलेले कोपरे मोजले जातात. बोर्ड फ्रेमच्या कडेपर्यंत नेता येतो. माझ्या मते प्रश्न इथेच मिटतो: नव्याने सुरुवात करणाऱ्याने चारुकोच घ्यावा. चेसबोर्ड ठीक ठरतो तो अरुंद लेन्सला, किंवा कोड आधीच लिहून झाला असेल तर. फारच वाइड लेन्स असेल तर बोर्ड कुठलाही घ्या, ओपनसीव्हीत लेन्सचं गणिती मॉडेल मात्र फिशआय निवडा.

बोर्डाच्या नक्षीपेक्षा बोर्ड कशावर छापलाय याने जास्त फरक पडतो, आणि मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये तर फारच. साधा ए4 कागद दमट हवेत कडेने वळतो. गणित गृहीत धरतं की बोर्ड सपाट आहे; वळलेल्या कागदाचा दोष ते मुकाट्याने लेन्सच्या माथी मारतं. फ्लेक्स नको, त्याला लाटा पडतात. ग्लॉसी लॅमिनेशन नको, ट्यूबलाइटची तिरीप पडली की कोपरे गायब. बॅनरवाल्याकडून मॅट विनाइल एसीपी शीटवर (ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेला कडक बोर्ड) चिकटवून घ्या. जाड सनबोर्डही चालेल, पण भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका. एकच रात्र हातात असेल तर नक्षी मॉनिटरवर उघडा आणि कॅमेरा हलवा. काच सपाट असते, फक्त मोआरे (स्क्रीनच्या ठिपक्यांमुळे फोटोत उमटणारे पट्टे) आणि चमक सांभाळा.

मापाबद्दल उगाच धास्ती असते. प्रिंटरने घरं दोन्ही दिशांना सारखीच लहान केली तर फोकल लेंथला काही होत नाही. एकाच दिशेला ताणली तर मात्र गोंधळ होतो, म्हणून आडवं-उभं दोन्ही मोजा. चौथऱ्यावरच्या मार्करचं माप अचूकच लागतं, कारण अंतर त्यावरूनच निघतं.

फोटो काढताना बोर्ड तिरका धरा. सगळे फोटो समोरासमोर घेतले तर फोकल लेंथ आणि अंतर वेगळं काढताच येत नाही. फोकल लेंथ 3 टक्के चुकली तर 4 मीटरवर अंतरात साधारण 12 सेंटिमीटरचा फरक पडतो. ऑटोफोकस बंद करा आणि शोच्या वेळी असेल तोच फोकस ठेवा. रिझोल्यूशनही तेच ठेवा. 16:9 वरून 4:3 वर गेलं की बरेच वेबकॅम चित्र कापतात आणि आधीचे आकडे नुसते गुणून चालत नाहीत.

शेवटी रिप्रोजेक्शन एरर, म्हणजे काढलेल्या आकड्यांनुसार कोपरे जिथे पडायला हवेत आणि फोटोत जिथे दिसतात त्यातला फरक. अर्ध्या पिक्सेलच्या आत आली की लोक खूश होतात. पण सगळे फोटो मधलेच असतील तर ती कमीच येणार. त्यापेक्षा मंडपाच्या खांबावर, चौथऱ्यापासून टेपने मोजलेल्या 10 फूट उंचीवर, एक टिकली चिकटवा. खालच्या मार्करवरून तिची जागा काढून स्क्रीनवर ठिपका उमटवा आणि तो टिकलीवर पडतो का बघा. हे मूर्ती येण्याआधी उरका. नंतर तिथे शिडी लावू देणार नाहीत.