नाशिकहून गरम पाण्याचे झरे: वज्रेश्वरी की उनपदेव?

थंडी पडली की आपल्याकडे हा विषय निघतोच, तर माझं मत सांगते, घरात म्हातारी माणसं आणि पोरं असतील तर सरळ वज्रेश्वरी. कसारा घाट उतरून शहापूर, पडघा करत निघालात की सकाळी जाऊन रात्री घरी. मंदिराच्या ५२ पायऱ्या, किल्ल्यासारखा कोट (१७३९ ला वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडायला बांधलेलं मंदिर आहे हे), आणि मागे टेकडी, वर गोधडेबाबांची समाधी, चढ सोपा, फक्त सकाळी लवकर चढा. कुंडं मात्र तिथे नाहीत हां, ती अकलोली आणि गणेशपुरीला, तानसा नदीच्या काठाने. पाण्याला गंधकाचा वास येतो, पाय एकदम टाकू नका, आधी हात घालून बघा! पाणी ज्वालामुखीमुळे तापतं असं बरेच जण सांगतात पण तसं नाही, पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापून वर येतं.

उनपदेव म्हणजे जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी. गोमुखातून गरम पाण्याची धार पडते, मागे डोंगर, मला जागा म्हणून हेच जास्त आवडतं. पण नाशिकहून लांब पडतं, मुक्काम धरूनच निघा.

बीपी, हार्टचा त्रास किंवा गरोदर असाल तर कुठेही डुंबत बसू नका, डॉक्टरांना विचारा. आणि प्लीज, कुंडात साबण-शाम्पू नको.