गरोदरपणाचं ॲप: आधी बाळ दिसावं की आईचं आजचं काम?

इंदूरच्या मराठी घरांतल्या गर्भवतींसाठी ॲपची नवी मांडणी ठरवताना दोन आराखडे समोर आहेत.

पहिल्यात उघडताच 40 आठवड्यांची पट्टी आणि बाळाचं चित्र. हे बघायला आई रोज येईल, आजीलाही कौतुकाने दाखवेल. पण आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. ती तारीख नीट आठवत नसेल तर सोनोग्राफीनंतर सगळी पट्टी सरकते. आणि गर्भपात झाला, तरी चित्रं येतच राहिली तर? ती एका बटणात थांबायलाच हवीत, आराखडा कुठलाही असो.

दुसऱ्यात आधी आजचं काम: दुसऱ्या तिमाहीपासून लोह-फॉलिक ॲसिडची रोजची गोळी, पुढची तपासणी, दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात होणाऱ्या मोफत तपासणीची आठवण. खाली ठळक लाल बटण. अंगावरून रक्त जाणं, असह्य डोकेदुखी, धूसर दिसणं, चेहऱ्यावर सूज, बाळाची हालचाल मंदावणं, यांतलं काहीही झालं तर तिथूनच 108 ला फोन. पहिल्या आराखड्यात ही यादी ‘माहिती’च्या आत दडली आहे. घाबरलेली बाई रात्री दोन वाजता ती कुठे शोधणार?

दिसायला दुसरा रुक्ष आहे, हे खरं. तरी मी तोच निवडेन, बाळाचं चित्र त्याच पानावर खाली घेऊन. सल्ला मराठीत, औषधांची नावं मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतील तशीच. औषधाच्या दुकानात तीच दाखवावी लागतात.