घरच्या फायबरचा अनुभव: वेग मिळतो, मर्यादा सांगत नाहीत

मंगळवार पेठेतल्या घरी १०० एमबीपीएसचं फायबर इंटरनेट घेऊन बरेच महिने झाले. वेगाबद्दल तक्रार नाही. पावसाळ्यात पंचगंगा इशारा पातळीला आली तेव्हाही लाइन गेली नाही, आणि फोन केला की लाइनमन पोरगा त्याच दिवशी येतो.

माझा राग आहे तो मर्यादा लपवण्यावर. भाऊ घरी बसून लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. लग्नसराईत शूटिंगच्या फायली क्लाउडवर सारख्या चढत-उतरत असतात. एका महिनाअखेरीला अचानक सगळं रखडलं. स्पीड टेस्टला २ एमबीपीएस. राउटर बंद-चालू केला, वायर थेट लॅपटॉपला लावली, तरी तेच. बऱ्याच फोननंतर कस्टमर केअरवाला म्हणाला, "सर, तुमचा एफयूपी संपलाय." म्हणजे पूर्ण वेगानं वापरायच्या डेटाची महिन्याची मर्यादा. किती? तर ३३०० जीबी. हा आकडा ना पत्रकावर, ना बिलावर. वेबसाइटवर 'वाजवी वापर धोरण लागू' एवढीच ओळ.

३३०० जीबी म्हणजे दिवसाला ११० जीबी. साध्या घराचं त्यात भागून उरतं. पण इथं अपलोडही त्यातच धरतात, आणि ते घेताना कुणी बोललं नव्हतं. जिन्यात, दारात कॅमेरे लावून रेकॉर्डिंग क्लाउडवर ठेवणाऱ्यांनी हिशेब करून बघा. सतत २ एमबीपीएसने पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण साडेएकवीस जीबी खातो, महिन्याला साडेसहाशेच्या आसपास. असे चार असले तर २६०० तिथंच गेले.

ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं २०१६ सालीच कंपन्यांना बजावलंय की मर्यादा किती, तोवर वेग किती आणि नंतर किती, हे जाहीर करा. वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर गेला की ग्राहकाला कळवा. मला एकही मेसेज आला नव्हता. तेच दाखवून तक्रार केली, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेतला. उत्तर गोलमोल आलं म्हणून ३० दिवसांच्या मुदतीत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे गेलो. तेव्हापासून अ‍ॅपमध्ये वापर दिसतो, मेसेजही येतात. पत्रक मात्र तसंच आहे. परवा बिल भरायला गेलो तर काउंटरवर नव्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "काय मर्यादा नाही, बिनधास्त वापरा."

सहा-बारा महिन्यांचे पैसे एकदम भरणार असाल तर मर्यादेचा आकडा, त्यानंतरचा वेग आणि अपलोड धरतात का, हे आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. आमचा प्लॅन पुढच्या महिन्यात संपतोय. आकडा बिलावर छापून देणार असतील तरच मी तो पुढे चालू ठेवणार आहे.