टायटॅनियम सांगून रंगवलेलं पोलाद विकलं

मोठ्या घडीच्या चाकूचे 9,500 आणि टायटॅनियमच्या मुठीचे व नव्या धारेचे 4,200. एकूण 13,700 रुपये गेले. विक्रेत्याचे आधी फोटो, मग ॲडव्हान्स, मग "आजच पाठवतो". अशात पुढे पार्सल येतच नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्याकडे पार्सल आलं खरं, आणि तेच नंतर तक्रारीला आडवं आलं.

चाकू 160 ग्रॅमचा सांगितला होता, काट्यावर 212 भरला. तिथेच ओळखायला हवं होतं! टायटॅनियम त्याच आकाराच्या पोलादाच्या जेमतेम 57 टक्के वजनाचं असतं. लोहचुंबक लावला तर चिकटला. विक्रेत्याला विचारलं, तर म्हणतो, "दादा, आत पोलादी लायनर आहेत, त्यांना चिकटतोय." आता यात खोटं काय पकडणार? लायनर, म्हणजे मुठीच्या आतले पातळ पत्रे, बहुतेक वेळा पोलादीच असतात. चाकूतलं कळणारा माणूसच या उत्तराने गप्प बसतो. वर बजावलं, स्क्रू उघडलेत तर वॉरंटी गेली. असं कोणी म्हणालं की आधी टॉर्क्स बिट (चांदणीच्या आकाराच्या स्क्रूचं टोक) काढा. मुठीची पट्टी सुटी करा आणि चुंबक नुसत्या पट्टीला लावा.

मी उघडली तेव्हा उशीर झाला होता. पट्टी चुंबकाला खटकन चिकटली. निळा रंग ॲसिटोनने कापसावर उतरला! टायटॅनियमवरचा खरा निळा रंग विजेने वाढवलेल्या ऑक्साइडच्या थराचा असतो, तो असा पुसला जात नाही. धार पाणी न लावता घासायच्या फिरत्या पट्ट्यावर तापवून काढलेली, त्यामुळे पोलाद मऊ पडलं आणि दोरी कापतानाच धार वळली. आणि उघडं पातं मिटू न देणारं लॉक? पात्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबलं तर पातं मिटलं. बोटं मध्ये ठेवून हे कधीही तपासू नका.

चौकीत पहिला प्रश्न, "एवढा मोठा चाकू लागतो कशाला?" फसलो मी आणि चौकशीही माझीच! कॅम्पवर दोर, लाकूड कापायला लागतो, हे तीनदा सांगितलं. तिथून सायबर पोलिसांकडे. ते म्हणाले, वस्तू मिळाली म्हणजे ही फसवणूक नाही, ग्राहक तक्रार करा. पेमेंटवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक तक्रारीला विक्रेत्याचा पत्ता हवा. पार्सलवरचा पत्ता खोटा. तो शोधायला पोलीस हवेत, आणि पोलीस विचारतात चाकू कशाला.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, वजनासकट. मूठ-धार बदलण्याचे पैसे सुट्या पट्ट्यांचा चुंबकासोबतचा व्हिडिओ आल्याशिवाय देऊ नका. त्या विक्रेत्याचा नंबर अजून चालू आहे आणि त्याच निळ्या मुठीचे फोटो अजून फिरत आहेत.