ई-पीक पाहणी ॲप : सोयाबीनमधली तूर सातबाऱ्यावर आली

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या काळ्या रानात सोयाबीनमध्ये तूर पिढ्यान्पिढ्या नसली, तरी वडिलांच्या हयातीत दरवर्षी असते. सातबाऱ्यावर मात्र ती कैक वर्षे दिसलीच नाही, कारण पीकपाहणी चावडीत बसून व्हायची आणि मागच्या वर्षीचेच पीक पुढे ओढले जायचे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणी ॲपने गाव नमुना बाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या पीकनोंदीची, लेखणी शेतकऱ्याच्या हाती दिली, आणि सलग तीन खरिपांची नोंद स्वतः केल्यानंतर मला हाच त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

गट क्रमांक, हंगाम, पेरणीची तारीख आणि सिंचनाचे साधन भरणे सोपे आहे. खरी काळजी घ्यायची ती पिकाचा वर्ग निवडताना. घाईत ‘निर्भेळ पीक’ निवडले की तूर गेलीच. ‘मिश्र पीक’ निवडून दोन्ही पिकांचे क्षेत्र वेगवेगळे भरावे लागते. यंदा फोटो काढायला गेलो तेव्हा सोयाबीन गुडघ्याला लागत होते आणि तुरीची रोपे त्यात बुडालेली होती. पहिल्या फोटोत तूर दिसेना, म्हणून तुरीच्या तासात, म्हणजे ओळीत, उकिडवे बसून, सोयाबीनची पाने हाताने बाजूला सारून दुसरा फोटो घेतला. रानात रेंज नव्हती. माहिती साठवून ठेवली आणि फाट्यावर येऊन अपलोड केली.

एवढा खटाटोप कशासाठी, असे शेजाऱ्यांनी विचारले. राज्याने जून 2025 मध्ये 2025-2029 साठी कृषी कृत्रिम बुद्धिमत्ता धोरण मंजूर केले आहे, आणि उपग्रहाच्या चित्रांवरून पीक ओळखणारी यंत्रणा अखेर जमिनीवरच्या अशाच नोंदींवरून शिकते. ऑगस्टच्या चित्रात सोयाबीन आणि तूर मिळून एकच हिरवा पट्टा दिसतो. सोयाबीन निघाल्यावरही नोव्हेंबरात रान हिरवे राहते, तेव्हा तूर ओळखू येते. ज्या रानाची नोंद निर्भेळ सोयाबीन अशी आहे आणि जे नोव्हेंबरात हिरवेच आहे, ते यंत्राला चुकीचाच धडा देते, आणि अशा हजारो नोंदींवर उद्या कुणाचे नुकसान किती हे ठरणार असेल, तर ती चूक मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यालाच भोवेल. म्हणूनच एका सेवा केंद्रचालकाने पैसे घेऊन घरबसल्या नोंद करून देतो म्हटले, तेव्हा मी नकार दिला. शेतात उभे राहूनच फोटो घ्यायची अट जाचक वाटली, तरी ती हवीच.

ही अट नकाशावर उभी आहे, म्हणजे फोन त्याच गटात आहे का हे गटाच्या नकाशावरून तपासले जाते, आणि भावाभावांत वाटण्या होऊनही नकाशावर पोटहिस्से न पडलेले गट गावोगाव आहेत. अशा ठिकाणी नोंद अडली, तर कारण काय आणि दाद कोणाकडे मागायची, हे ॲपच्या पडद्यावरच स्पष्ट मराठीत लिहिलेले असावे. चूक झाल्यास 48 तासांत एकदा दुरुस्ती करता येते, ही सोय 2022 च्या सुधारित आवृत्तीत आली. मिश्र पिकासाठी ती मुदत वाढवावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांची नोंद पीक पाहणीसाठी नेमलेले सहायक करतात, पण तेव्हाही शेतकऱ्याने सोबत जाऊन तुरीचे तास दाखवावेत.

गेल्या हंगामात तुरीच्या हमीभाव नोंदणीसाठी सातबारा काढला. सोयाबीनच्या खाली तूर होती, क्षेत्रासह. वडिलांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि कागद घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला.